उत्तर: नमुनासंख्या कमी करू नका, आधी घड्याळ बघा

तुमची पोस्ट काल रात्री दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचताना वाटलं, ही मीच आठ वर्षांपूर्वी लिहून विसरले की काय.

मागाहून येणाऱ्यांसाठी प्रश्न थोडक्यात असा: अपघातात रक्तस्राव होत असलेल्या रुग्णांना एक औषध लवकर दिलं तर फरक पडतो का, हे या डॉक्टर तपासताहेत. एथिक्स कमिटीची (रुग्णांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीची) अट आहे की जवळच्या नातेवाइकाची लेखी संमती हातात आल्याशिवाय पहिला डोस जाऊ द्यायचा नाही. तीन महिन्यांत जेमतेम अकरा रुग्ण मिळाले. थिसिसचे गाइड म्हणतात नमुनासंख्या, म्हणजे अभ्यासात घ्यायच्या रुग्णांची संख्या, निम्मी कर आणि आटप. तर करावी का?

माझं मत विचाराल तर नको.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. कॅज्युअल्टीत सिस्टर होते, मग अशाच एका औषधाच्या ट्रायलची (चाचणीची) को-ऑर्डिनेटर झाले, आणि आकडेमोडीत माझी मजल बेताचीच. तेव्हा संख्याशास्त्रज्ञाला विचारल्याशिवाय यातलं काहीही प्रोटोकॉलमध्ये (अभ्यासाच्या लेखी आराखड्यात) घालू नका. रँडमायझेशन (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडणं), ब्लाइंडिंग (कोणाला काय दिलं ते लपवणं), सेफ्टी कमिटी वगैरे तुम्हाला येतं असं धरून पुढे जाते.

तुमच्या पोस्टमध्ये एक वाक्य आहे. तुम्ही ते सहज लिहून पुढे गेलात, मी मात्र तिथेच अडले. ‘एन्रोलमेंटपासून सरासरी दहा मिनिटांत डोस जातो.’ एन्रोलमेंटपासून, म्हणजे अभ्यासात नाव नोंदल्यापासून! अहो, इजा झाल्यापासून किती?

हीच माझी घोडचूक होती. आमच्या फॉर्मवर तीन रकाने होते: आगमनाची वेळ, संमतीची वेळ, डोसची वेळ. इजा कधी झाली याला रकानाच नव्हता. तो फॉर्म मीच आखला होता, त्यामुळे दोष ढकलायला जागा नाही. माझा युक्तिवाद असा की ती वेळ खात्रीची नसते, आणणारा एक सांगतो, घरचे दुसरंच, मग अंदाजपंचे आकडा लिहायचाच कशाला? ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं ना!

क्रॅश-२, म्हणजे अपघातातल्या रक्तस्रावावरची ती मोठी ट्रायल, तुम्हाला पाठ असेल, म्हणून फक्त त्यातल्या एका गोष्टीबद्दल बोलते. २०१० साली निकाल आला, ४० देश, २०,२११ रुग्ण. ट्रॅनेक्झामिक ॲसिड (रक्तस्राव रोखायचं औषध) मिळालेल्यांत मृत्यू १४.५ टक्के, प्लासिबो (दिसायला तसंच, पण औषध नसलेलं) गटात १६.० टक्के. इजेपासून आठ तासांपर्यंतचे रुग्ण त्यात घेत होते. पुढच्या वर्षी त्यांनी रक्तस्रावाने झालेले मृत्यू वेळेप्रमाणे वेगळे काढले. पहिल्या तासात औषध मिळालेल्यांत ५.३ टक्के, प्लासिबोत ७.७. एक ते तीन तासांत ४.८ आणि ६.१. आणि तीन तासांनंतर? ४.४ आणि ३.१. उलटं झालं, उशिरा दिलेलं औषध घातक ठरताना दिसलं. आता हे त्यांना कळलं कशामुळे? प्रत्येक फॉर्मवर इजेपासूनचा वेळ लिहिलेला होता म्हणून. अंदाजे का होईना, होता. तो रकाना नसता तर सगळं त्या दीड टक्क्यात विरघळून गेलं असतं आणि कोणीतरी पाचव्या तासाला निर्धास्तपणे सुई टोचत बसलं असतं. पुढे २०१८ मध्ये ४०,१३८ रुग्णांची माहिती एकत्र तपासली, त्यात प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाच्या बायकाही होत्या. दर पंधरा मिनिटांच्या उशिराला फायदा सुमारे दहा टक्क्यांनी घटतो, असं निघालं.

पंधरा मिनिटं म्हणजे कॅज्युअल्टीत स्ट्रेचर मोकळं व्हायला लागतात तेवढी.

आता कमिटीच्या अटीकडे येते. एक रुग्ण अजून डोळ्यांपुढून हलत नाही. पस्तिशीचा माणूस, कंबर आणि मांडी चेचलेली, शुद्ध जेमतेम. आणणारा वाटेवरचा कोणी अनोळखी, नाव विचारायच्या आत निघून गेला. खिशातल्या मोबाइलची काच फुटलेली, पण तो वाजत होता आणि पडद्यावर ‘घर’ दिसत होतं. मीच उचलला. बायको पोचायला पावणेदोन तास लागले. तोवर ट्रायलच्या डोसचं बंद पाकीट माझ्या एप्रनच्या खिशात. बाकीचे उपचार चालू होते, रक्त चढत होतं, फक्त पाकीट बंद. ती आल्यावर तिच्या हातात अकरा पानी माहितीपत्रक दिलं. मी वाचून दाखवत होते आणि ती माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत होती. सही करताना तिने एकच विचारलं, ‘नाही केली तर उपचार थांबवाल का?’ नाही म्हणून मी तीनदा सांगितलं. तरी ती सही म्हणजे समजून-उमजून दिलेली संमती होती, असं आजही छातीवर हात ठेवून मला सांगता येणार नाही.

डोस गेला तेव्हा इजा होऊन तीन तास उलटून गेले होते. फॉर्मवर मात्र आमची कामगिरी झकास: संमतीपासून सहा मिनिटांत डोस! तुमची दहा मिनिटं वाचून मला हीच सहा आठवली.

याहून वाईट पुढे आहे. ज्यांचे नातेवाईक यायच्या आतच सगळं संपलं, ते आमच्या अभ्यासात आलेच नाहीत. आमच्याकडे आले ते पहिले दोन तास तगलेले. म्हणजे औषधाचा उपयोग ज्यांना सगळ्यात जास्त होऊ शकला असता त्यांना आम्हीच दाराबाहेर ठेवलं, आणि वर ‘फरक आढळला नाही’ असा निष्कर्ष लिहिला. प्लाझ्माच्या (रक्तातल्या द्रव भागाच्या) जुन्या निरीक्षणात्मक अभ्यासांवर हाच आक्षेप होता. भरपूर प्लाझ्मा मिळालेले जास्त वाचलेले दिसायचे, पण प्लाझ्मा गोठवलेला असतो, वितळून वर यायला वेळ लागतो, आणि तोवर जो जिवंत असेल त्यालाच तो मिळणार. मिळाला म्हणून जगला, की जगला म्हणून मिळाला?

कमिटीचं नाव घेत नाही. पाच महिने लागले. दर बैठकीत एक नवी शंका. एकदा माहितीपत्रकाच्या अक्षरांच्या आकारावर अर्धा तास गेला, एकदा नातं सिद्ध करणारा कागद जोडा म्हणाले. रक्तस्राव चालू असलेल्या माणसाच्या नात्याचा कागद! मी विचारलं, आपल्यापैकी कोणी रात्री कॅज्युअल्टीत उभं राहिलंय का? त्यानंतर मला बैठकीला बोलावणं बंद झालं. (हे तुम्ही करू नका. बरं वाटतं, पण काम अडतं.) त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती, हेही मान्य करते. बेशुद्ध माणसावर कोणीही काहीही करून बघू नये म्हणूनच कमिट्या निघाल्या. फक्त त्या सहीने रुग्णाचं संरक्षण होत नव्हतं, फाइलचं होत होतं.

माझी दुसरी चूक इथली. मी वाद घातला, पण हातात काही न घेता. आज जायचं झालं तर दोन गोष्टी नेईन.

एक, हेलसिंकी जाहीरनामा, म्हणजे माणसांवरच्या संशोधनासाठी जागतिक वैद्यकीय संघटनेने आखलेली नीतितत्त्वं. रुग्ण संमती देण्याच्या अवस्थेत नाही, प्रतिनिधी हजर नाही आणि संशोधन थांबवता येत नाही, अशा वेळी संमतीशिवाय सुरुवात करायला त्यात वाट ठेवलेली आहे. त्याला अटी आहेत. संमती देता न येण्याची ती अवस्था हे अभ्यासातल्या रुग्णगटाचं अटळ वैशिष्ट्य असायला हवं, कारणं प्रोटोकॉलमध्ये लिहिलेली हवीत, कमिटीची मंजुरी हवी, आणि अभ्यासात पुढे राहण्याची संमती रुग्णाकडून किंवा प्रतिनिधीकडून शक्य तितक्या लवकर घ्यायला हवी. अमेरिकेत १९९६ पासून यासाठी स्वतंत्र नियम आहे, त्यात आधी लोकांशी सल्लामसलत करून अभ्यास जाहीर करावा लागतो. तुमच्या देशातला नियम काय म्हणतो ते मात्र आधी बघा, शेवटी चालणार तोच. आणि मागाहून संमती घ्यायची ठरली तर दरम्यान दगावलेल्या रुग्णाच्या माहितीचं काय करायचं, हे पहिल्याच दिवशी कमिटीकडून लिहून घ्या. त्यांची माहिती गाळायला लागलात तर ज्या मृत्यूंसाठी अभ्यास चाललाय तेच गळतील.

दोन, डोक्याच्या इजेतल्या स्टेरॉइडची गोष्ट. कमिटीतली माणसं म्हणतात, नेहमीचे उपचार सुरक्षित, प्रयोग धोक्याचा. स्टेरॉइड हा कित्येक दशकं नेहमीचाच उपचार होता. २००४ साली क्रॅशच्या पहिल्या ट्रायलने १०,००८ रुग्णांत तपासलं, तर दोन आठवड्यांत स्टेरॉइड गटात २१.१ टक्के मृत्यू निघाले आणि प्लासिबोत १७.९. सद्‌हेतूने दिलेलं औषध वर्षानुवर्षं माणसं मारत होतं, आणि त्यासाठी कुठल्याही नातेवाइकाची सही कोणी मागितली नव्हती. हे शांतपणे सांगा. माझ्यासारखं नाही.

आता नमुनासंख्या. वर बघा, दीड टक्क्याचा फरक दिसायला वीस हजार माणसं लागली. दोनशेत तो दिसणार नाही, आणि दिसलाच तर मलाच शंका येईल. गाइडना थिसिस संपवायचा आहे हे कळतं, पण मग अभ्यासाचं नाव बदला. औषधाने जीव वाचतात का, याऐवजी ‘इजेपासून तासाभरात डोस देणं आपल्याकडे जमतं का, नाही तर कुठे अडतं’ असा प्रश्न घ्या. तो लहान नमुन्यात प्रामाणिकपणे सुटतो, आणि मोठ्या ट्रायलवाल्यांना तेच हवं असतं. बदल कमिटीकडून रीतसर मंजूर करून घ्या, आकडे उघडून बघायच्या आधी. मुख्य निष्कर्ष अठ्ठावीस दिवसांचा मृत्यू ठेवला असेल तर त्याचाही विचार करा. रक्तस्रावाने जाणारे बहुतेक पहिल्या दिवसातच जातात. नंतर डोक्याची इजा, जंतुसंसर्ग, अवयव निकामी होणं हे सगळं त्यात मिसळतं आणि औषधाचा परिणाम बुडतो. इथे माझ्याशी न पटणारे पुष्कळ भेटतील.

रुग्णालयात पोचायच्या आधी प्लाझ्मा देण्याच्या दोन ट्रायल २०१८ मध्ये आल्या. त्यातल्या पॅम्परमध्ये हेलिकॉप्टरने आणलेले ५०१ रुग्ण होते, तीस दिवसांतले मृत्यू प्लाझ्मा गटात २३.२ टक्के, नेहमीच्या उपचारांत ३३.०. दुसरी, कॉम्बॅट, अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरातली, अंतरं छोटी, रुग्णही कमी, काही फायदा नाही. लोक भांडत बसले. नंतर दोन्हींची माहिती एकत्र केली तर वाहतुकीला वीस मिनिटांहून जास्त लागलेल्यांत फायदा दिसला. पुन्हा घड्याळच.

घड्याळावरून आठवलं. आमच्या कॅज्युअल्टीतलं भिंतीवरचं घड्याळ अकरा मिनिटं पुढे होतं, मॉनिटरचं मागे, आणि मी मोबाइलवर बघून लिहायची. एका रुग्णाला कागदोपत्री दवाखान्यात यायच्या चार मिनिटं आधी डोस मिळाला! तेव्हा दर पाळीच्या सुरुवातीला सगळी घड्याळं मोबाइल नेटवर्कच्या वेळेला लावा आणि लावणाऱ्याची सही घ्या. इजेच्या वेळेला एक रकाना पुरत नाही, तीन करा: लवकरात लवकर कधी, उशिरात उशिरा कधी, कोणी सांगितलं. माहीत नसेल तर शेवटचा धडधाकट कधी दिसला ते विचारा. दंडावर पांढरी चिकटपट्टी लावून तिच्यावर वेळ लिहिली तर एक्स-रे आणि ऑपरेशन थिएटरपर्यंत ती रुग्णासोबत जाते. बॉलपेनाने लिहा. जेल पेनाची शाई सलाइन सांडलं की पसरते, माझी सात-आठ पानं अशीच गेली.

डोसची पाकिटं खोलीत कुलपात ठेवत असाल तर काढा तिथून. किल्ली ज्याच्याकडे असते तो नेमका जेवायला गेलेला असतो. क्रॅश-२ मध्ये कित्येक ठिकाणी आठ-आठ क्रमांकित पाकिटांचं खोकं असायचं आणि सगळ्यात लहान क्रमांकाचं उचलायचं, एवढीच पद्धत. आणि तुमची को-ऑर्डिनेटर नऊ ते पाच असेल तर रात्रीचे रुग्ण कोण घेतं? अपघात ड्यूटी बघून होत नाहीत. आमच्याकडे रात्रीचं कोणीच घेत नव्हतं, आणि हे रिपोर्टात लिहायला मलाच मनाई झाली होती. असो, त्यावर वेगळी पोस्ट लिहावी लागेल.

तुमच्याकडे स्क्रीनिंग लॉग (तपासलेल्या, घेतलेल्या आणि सोडलेल्या सगळ्या रुग्णांची वही) आहे असं लिहिलंय, ते फार बरं केलंत. त्यात ‘नातेवाईक नाहीत’ असा शेरा मारून सोडलेल्या प्रत्येकापुढे दोन गोष्टी भरा: आला तेव्हा इजेला किती वेळ झाला होता, आणि चोवीस तासांनी जिवंत होता का. कमिटीपुढे तेच एक पान ठेवा. मी ते पान केलं, पण अभ्यास बंद झाल्यावर. कोष्टक कसं आखायचं यात अडलात तर रिकामा नमुना इथे टाका, रुग्णांची माहिती नको, मी रविवारी बघून सांगते.