करवंटी चालेल, काथ्या नको

या खेपेला पत्रं आली ती चक्क प्रयोगशाळेतल्या उंदरांवर. अॅनिमल हाऊसमध्ये, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवतात तिथे, माझी बावीस वर्षं गेली, त्यामुळे उत्तर जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

प्रश्न : ताई, मी कुडाळकडे एमफार्म करतेय. आमच्याकडे विस्टर रॅट (मोठे उंदीर) आणि स्विस माइस (छोटे उंदीर) आहेत. कमिटीने सांगितलंय एन्रिचमेंट ठेवा (म्हणजे केजमध्ये त्यांना काहीतरी करायला, लपायला द्या), पण बजेट शून्य. इथे नारळाची सोडणं (वरची सालं), करवंट्या, काथ्या ढिगाने मिळतं, ते केजमध्ये टाकलं तर चालेल का? आणि पावसात तुसाच्या बेडिंगला (केजमधल्या अंथरुणाला) दोन दिवसांत वास सुटतो, त्याचं काय करू?

उत्तर : अगं आधी वासाचं बघूया. आषाढात आपल्याकडे कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे तुसाचं काय घेऊन बसलीस. तूस ओला झाला की मुतातल्या युरियापासून बॅक्टेरिया अमोनिया बनवतात, आणि तो सगळा खाली, उंदराच्या नाकापाशी असतो. आपण दारातून आत गेलो की पहिली दोन मिनिटं डोळे चुरचुरतात, मग नाक सरावतं आणि आपल्याला वाटतं वास गेला. त्यांना मात्र चोवीस तास तिथेच बसायचंय. रॅटच्या छातीत मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू असेल तर अमोनियाने तो आणखी चेकाळतो. सीपीसीएसईए, म्हणजे आताच्या सीसीएसईएच्या (प्रयोगाच्या प्राण्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी समितीच्या) गाइडलाइनमध्ये तापमान १८ ते २९ अंश आणि ह्युमिडिटी ३० ते ७० टक्के दिलीय. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावर ७० च्या खाली यायचं तर नुसता पंखा पुरत नाही, डीह्युमिडिफायर लागतो. बजेट मागायचंच तर त्याच्यासाठी माग, खेळण्यांसाठी नको. तोवर केजमधली गर्दी कमी कर, बेडिंग पावसाळ्यात जास्त वेळा बदल, आणि तुसाची पोती जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून लांब ठेव. पोत्याला बाहेरचा उंदीर लागलेला असेल तर ते पोतं आत आणूच नको, लेप्टो (उंदराच्या मुतातून येणारा ताप) आपल्याकडे नवीन नाही.

आता करवंटी. अर्धी करवंटी उपडी घालून कडेला दार कापलंस तर माइससाठी झकास घर होतं, पण खोबऱ्याचा कण राहता कामा नये. राहिलं तर ते खातात, डाएट बिघडतं, आणि दमट हवेत खोबऱ्यावर जी बुरशी येते तिच्यात अफलाटॉक्सिन असू शकतं, ते थेट लिव्हरला लागतं. लिव्हरवर औषध तपासणाऱ्याने केजमध्ये लिव्हरचं विष ठेवायचं म्हणजे कमालच! खरवडायची, उकळायची, वाळवायची, ऑटोक्लेव्ह करायची (दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक).

काथ्या मात्र नको म्हणजे नको. मी केलाय हा शहाणपणा. माइसच्या एका केजमध्ये मऊ करून, पिंजून काथ्या घातला, आईने सुरेख घरटं केलं, आणि चौथ्या दिवशी एका पिल्लाच्या मागच्या पायाला धागा गुंडाळलेला, पाय जांभळा पडलेला. लांब, न तुटणारा धागा कुठलाच चालत नाही, सुतळी नाही, कापसाची वात नाही. सोडणाचंही तेच, कुरतडलं की शेवटी काथ्याच सुटतो.

त्यापेक्षा साधा टिश्यू पेपर घे, ऑटोक्लेव्ह करून. एका केजला ८-१० ग्रॅम तरी घाल, एक चतकोर तुकडा टाकून फोटो काढायचा नाही. माइस काय करतात ते एकदा उभं राहून बघच. पुढच्या दोन पायांत कागद धरतात, दाताने ओढून पट्ट्या काढतात, एकेक पट्टी कोपऱ्यात नेतात, आत बसून गोल फिरत फिरत भिंत वर चढवतात आणि सकाळपर्यंत डोक्यावरून बंद घुमट, एकच भोक. हा टाइमपास नाही बरं. आपण एप्रन घालून बसतो म्हणून एसी २२ वर ठेवतो, पण माइसला निवांत वाटतं ते साधारण ३० अंशाला. बाहेर आपण घामाने निथळतोय आणि आत ते कुडकुडतायत! कागद मिळाला की स्वतःची ऊब स्वतः करतात, अंग गरम ठेवायला जे जास्तीचं खावं लागतं तेही कमी होतं. माझ्या मते एन्रिचमेंट म्हणजे हेच, त्याला स्वतःला काहीतरी करता आलं पाहिजे. रंगीत बॉल टाकला की इन्स्पेक्शनवाले खूश होतात, उंदीर दुसऱ्या दिवशी त्याच्यावर मुततो.

रॅट घरट्यात एवढा रमत नाही, लहानपणी कागद मिळाला नसेल तर धड बांधतही नाही. त्याला लपायला आडोसा आणि कुरतडायला लाकूड दे, दात आयुष्यभर वाढत असतात. प्लंबरकडे पीव्हीसी पाइपचे उरलेले तुकडे मिळतात, तीन इंची घे, कडा घासून. लाकूड कुठल्या झाडाचं ते माहीत असलेलंच घे, सॉ मिलचा मिक्स भुसा नको, देवदार-पाइनसारख्या वासाच्या लाकडाने लिव्हरची एन्झाइम्स वाढतात. आणि एकटा ठेवू नकोस त्याला, जोडीदाराची सर कशालाच नाही.

प्रश्न : मी गाइड आहे. प्रत्येक केजमध्ये असं काहीबाही टाकलं तर डेटामध्ये व्हेरिएशन (आकड्यांतली तफावत) वाढणार नाही का? (रत्नागिरी)

उत्तर : सर, ही भीती जुनी आहे. २००४ साली ‘नेचर’मध्ये याच्यावर पेपर आला, तीन लॅबमध्ये माइस साध्या आणि एन्रिच्ड केजमध्ये ठेवून वर्तनाच्या टेस्ट घेतल्या, व्हेरिएशन वाढलं नाही. फक्त कंट्रोल (औषध न दिलेला) आणि टेस्ट दोन्ही ग्रुपना सारखंच द्या, अर्ध्या स्टडीत बदलू नका आणि प्रोटोकॉलमध्ये लिहा. पळायचं चाक वेगळं, त्याने वजन, हृदय सगळंच बदलतं, ते विचार करूनच.

प्रश्न : केज साफ केली की त्याच रात्री नर माइस एकमेकांना चावतात, पाठी, शेपट्या रक्ताळतात. आम्ही तर अगदी स्वच्छ धुतो! (चिपळूण)

उत्तर : स्वच्छ धुता म्हणूनच, अहो. घरट्यात त्यांचा ओळखीचा वास असतो, तो गेला की कोण मोठा ते पुन्हा पहिल्यापासून ठरवायचं. जुन्या घरट्याचा कोरडा कागद नव्या केजमध्ये न्या, मुताचं बेडिंग मात्र नेऊ नका, त्याने उलट भांडण वाढतं. आणि शेपटीला धरून उचलणं बंद करा. २०१० मध्ये इंग्लंडच्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी दाखवून दिलं की नळीत शिरवून किंवा ओंजळीत घेऊन उचललं तर माइस माणसाला कमी घाबरतात. नळी केजमध्येच ठेवा, आपोआप आत शिरतात. आमचा अटेंडंट आधी हसला होता, आठवड्याने म्हणाला, मॅडम आता चावत नाहीत.

प्रश्न : नातू उंदरांना टिश्यू पेपरचं घर करतो म्हणे. आमच्या माळ्यावरचे उंदीर माझ्या पैठणीचं घर करतात, त्यांचं काय? एवढे लाड कशाला? (एक आजी, मालवण)

उत्तर : आजी, पैठणीबद्दल वाईट वाटलं. पण बघा ना, माळ्यावरच्याने पैठणी निवडली ती मऊ आणि उबदार म्हणूनच, पिंजऱ्यातल्यालाही तेच हवं असतं, त्याला फक्त माळा नाही. कॅनडात डोनाल्ड हेब म्हणून शास्त्रज्ञ होते, त्यांनी १९४० च्या दशकात काही रॅट घरी नेऊन मोकळे वाढवले तर ते लॅबच्या पिंजऱ्यात वाढलेल्यांपेक्षा कोडी चटकन सोडवायला लागले. मग रिकाम्या डब्यात मंद झालेल्या उंदरावर औषध तपासून आपल्याला काय कळणार? घरच्यांनी काय म्हटलं ते हेबनी लिहून ठेवलंय का, ते विचारू नका. आणि पैठणी पत्र्याच्या ट्रंकेत ठेवा, प्लास्टिकच्या डब्याला ते जुमानत नाहीत.