बेळगावात कधी बर्फ पडत नाही, मग आमच्या हॉलच्या चिलरची (एसीचं पाणी थंड करणाऱ्या मशीनची) ट्यूब "फ्रीज होऊन फुटली" हे सर्व्हिसवाल्याचं म्हणणं खरं असू शकतं का?

हो, असू शकतं, कारण ट्यूबमधलं पाणी बाहेरच्या थंडीने नाही तर मशीनच्या स्वतःच्या गॅसने गोठतं. मी उद्यमबागेत चिलर मेंटेनन्सचंच काम करतो. पंप बंद पडला, स्ट्रेनर (पाण्याची गाळणी) गाळाने चोक झाला किंवा गॅस कमी झाला की इव्हॅपोरेटरमधलं, म्हणजे गॅस जिथे पाणी थंड करतो त्या भागातलं, प्रेशर पडतं, आर-१३४ए गॅस असेल तर गेजवर साधारण २ बारच्या खाली गेलं की गॅसचं तापमान शून्याखाली, आणि पाण्याचा बर्फ होताना ते जवळजवळ ९ टक्के फुगतं, मग अडकलेल्या पाण्याचा दाब तांब्याची ट्यूब फाडतो, आणि बरेचदा फाटते ती बर्फ होता तिथे नाहीच, बाजूला. आता फुटलेली ट्यूब स्वतः बघा की, गोठून फुटलेली आधी फुगते आणि मग लांबीत उभी चिरते, चिरेच्या कडा पातळ, माशाच्या तोंडासारख्या उघड्या. बारीक खड्डे किंवा आतून झिजलेली असेल तर तो गंज, सर्व्हिसवाला काहीही म्हणू दे. कंट्रोलरची अलार्म हिस्टरी रिसेट व्हायच्या आत फोटो काढून ठेवा, आणि फ्लो स्विचला (पाणी वाहायचं थांबलं की मशीन बंद करणारा स्विच) कुणी वायरचा जंपर मारून तो बायपास केलाय का ते आधी बघा, हे आपल्याकडे सर्रास चालतं. फक्त एक आहे, नुसत्या जास्त प्रेशरने फुटली तरी चीर अशीच दिसते, त्यामुळे इन्शुरन्सचा क्लेम असेल तर ट्यूब भंगारात देऊ नका, न घासता लॅबला पाठवा.