जेवढं घडलं तेवढंच सांग

प्रिय बापू,
सप्रेम सलाम.

पास्टर म्हणून दीक्षा घेताना मंडळीसमोर द्यायच्या साक्षीचा, म्हणजे आपण विश्वासात कसे आलो ते सांगण्याचा, तू व्हॉट्सॲपवर पाठवलेला मसुदा वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं की तू चुकून दुसऱ्याच कुणाचा पाठवलास. त्यात एक तरुण आहे. तो वाईट संगतीत पार बुडालेला आहे. एका रात्री मोटरसायकलवरून जाताना ट्रकखाली येता येता वाचतो, मरणाच्या दारात त्याला हाक ऐकू येते आणि तो रडत रडत आपलं आयुष्य प्रभूला देतो. लेका, त्या रात्री दवाखान्यात मी होतो. ट्रक नव्हता. रोही जनावर आडवं आलं, तू बाभळीच्या कुपाटीत पडलास, हनुवटीला चार टाके पडले. मी पोचलो तेव्हा कॉटवर बसून आईने आणलेले पोहे खात होतास आणि "काका, पेपर बुडणार का हो?" एवढंच विचारलंस. आणि वाईट संगत म्हणजे कोण, गावातली क्रिकेटची टीम?

फोनवर तू म्हणालास ते मात्र या मसुद्यापेक्षा बरं होतं. दीक्षाविधीला बिशप येणार, आजूबाजूच्या चर्चच्या मंडळ्या येणार, मंडळीचे सेक्रेटरी म्हणतात साक्ष जोरदार पाहिजे. "माझ्याकडे जोरदार काही नाहीच काका. मग मला पाचारण तरी खरं झालंय का?" तू दोन वेगळ्या गोष्टी एकात कालवल्यास. पाचारणाचं, म्हणजे देवाने या कामाला बोलावल्याचं, नंतर बोलू. साक्षीबद्दल मला एकच सांगायचं आहे, जेवढं घडलं तेवढंच सांग. या पत्रात मी हेच पुन्हा पुन्हा म्हणणार आहे. कंटाळा आला तरी वाच.

मी शिकत होतो तेव्हा युनियन बिब्लिकल सेमिनरी यवतमाळातच होती, १९८३ साली ती पुण्याला गेली. होस्टेलवर रात्री साक्षी चालायच्या. कुणी दारू सोडलेली, कुणी घरातून हाकलला गेलेला. आम्ही ख्रिस्ती घरांत वाढलेली दोन-चार पोरं मागे चूप बसायचो. आमच्यातल्या एकाला ते सहन झालं नाही. त्याने स्वतःसाठी एक भूतकाळ तयार केला. चांगला गाजला. पुढे जिथे जाई तिथे लोक तोच ऐकायला बोलावत, आणि दरवेळी तो आधीपेक्षा थोडा जास्त काळा करावा लागे. बऱ्याच वर्षांनी एका बसस्टँडवर भेटला तेव्हा मी सहज विचारलं, "तू खरी प्रार्थना करायला कधी लागलास रे?" त्याला आठवेना. म्हणजे टाळत नव्हता, खरंच आठवत नव्हतं. गोष्टीखाली मूळ माणूस गाडला गेला होता.

आता बायबलातला तीमथ्य बघ, पौलाचा तरुण सोबती. पौलाला दिमिष्काच्या वाटेवर प्रकाश दिसला, प्रेषितांच्या कृत्यांत ती हकिकत तीनदा येते. एवढा प्रकाश पाहिलेला माणूस तीमथ्याला पत्र लिहितो तेव्हा "तुला प्रकाश कुठे दिसला?" असं विचारत नाही. तो त्याच्या आजीचं नाव घेतो, लोईस. मग आईचं, युनीके. तुझा विश्वास आधी त्यांच्यात होता, म्हणतो. दुसऱ्या पत्राचा पहिलाच अध्याय, पाचवं वचन. पौलाला हे पुरलं आणि तुमच्या सेक्रेटरीला पुरत नाही!

आजी तुझ्याकडेही आहे. पहाटे चुलीत पऱ्हाट्या सारता सारता तिचं तेविसावं स्तोत्र चालायचं. वाचता येत नाही, ऐकून पाठ केलेलं. मृत्युच्छायेच्या दरीनंतरची एक ओळ ती कायम गाळते. तू दुसरीत असताना तिला ती ओळ बोट ठेवून वाचून दाखवलीस, तिने मान डोलावून ऐकली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा गाळली. हे तूच मला हसत हसत सांगितलं होतंस. मसुद्यात ते नाही. ट्रक आहे.

गोष्ट मोठी करायची ही खोड आपल्याकडे जुनी आहे. नारायण वामन टिळकांचं कसं सांगतात? नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीच्या डब्यात एक गोरा भेटला, त्याने नवा करार दिला आणि टिळक ख्रिस्ती झाले. झालं! अरे, मधली वर्षं कुठे गेली? गाडीतली भेट १८९३ ची, बाप्तिस्मा मुंबईत १० फेब्रुवारी १८९५ ला. त्या मधल्या दिवसांत तो माणूस वाचत होता, शंका काढत होता, घरदार तुटेल म्हणून झुरत होता. आणि लक्ष्मीबाई? नवऱ्याच्या मागोमाग आल्या नाहीत. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली, स्वतःच्या मनाने. तू फक्त डबा आणि गोरा सांगितलास की ही सगळी वर्षं पुसली जातात. मग तुझ्या मंडळीत शेवटच्या सतरंजीवर बसणारी, अजून मन न झालेली बाई समजते की खोट आपल्यातच आहे.

स्कॉटिश मिशनरी हिस्लॉप साहेबांचंही तसंच. १८४५ साली नागपूरला आले, १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटकडून परतताना पूर आलेल्या नाल्यात बुडून गेले. एका व्यासपीठावर मी ऐकलं की ते वचन सांगायला निघाले असताना वाहून गेले. ते गेले होते तिथली जुनी शिळावर्तुळं बघायला. दगड, जीवाश्म, गोंडांच्या कथा, सगळ्यांत त्या माणसाचा जीव रमायचा. मला तर दगड बघायला गेलेला हिस्लॉपच जास्त जवळचा वाटतो. त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ पासून नागपुरात उभं आहे. त्यांना मोठं करायला आपली भर कशाला हवी?

आता माझं ऐक. म्हातारा स्वतःचंच पुराण लावतो म्हणशील. लावतो.

एका वर्षी कपाशी हातची गेली आणि आमच्या मंडळीतल्या एका माणसाने वावरातच जीव दिला. मी गेलो तेव्हा त्याची बायको ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. मी बायबल उघडायला लागलो तर म्हणाली, "पास्टरसाहेब, काई वाचू नका. बसा फक्त." बसलो. संध्याकाळपर्यंत कुणीतरी तीनदा चहा आणला, तीनदा तो तिच्यासमोर थंड झाला. पुढे कितीतरी दिवस तिच्यासोबत तलाठ्याकडे आणि तहसिलीत गेलो. सरकारची एक लाखाची मदत मिळायची तर प्रकरण पात्र ठरावं लागतं. वावर मक्त्याने केलेलं, सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं, कर्ज गावातल्या माणसाकडून तोंडी घेतलेलं. अपात्र.

त्या काळात एक संस्था खेड्यांतल्या सेवेला मदत करायची, माझ्या गाडीचं पेट्रोल त्यांच्या पैशातून यायचं. त्यांना अहवाल हवा होता. मी लिहिलं: बसलो, सोबत गेलो, अपात्र ठरलं, आता ती मजुरीला जाते, रविवारी कधी येते, कधी येत नाही. अहवाल परत आला. शेवट आशादायी करा म्हणे. "प्रार्थनेनंतर मार्ग निघाला" हे वाक्य त्यांनीच टाइप करून पाठवलं होतं, खाली सहीपुरती जागा सोडून. मी सही केली नाही. पेट्रोल बंद झालं. मग गावं सायकलने आणि एसटीने केली.

माझा मुलगा मोठा झाल्यावर एकदा म्हणाला, "बाबा, एक वाक्य होतं. तेवढी सही केली असती तर आई उन्हातान्हात पायी शाळेत गेली नसती." मी तेव्हा काही बोललो नाही. त्याला न दिलेलं उत्तर तुला देतो. ती बाई माझ्या मंडळीतली होती. तो अहवाल छापून आला असता, कुणीतरी तिला वाचून दाखवला असता. जो मार्ग तिच्या घरात कधी निघालाच नाही, तो माझ्या सहीने कागदावर निघाला असता. मग मी तिच्या ओसरीवर कोणत्या तोंडाने बसलो असतो? शहरातली मंडळी मला कधी मिळाली नाही. हा माणूस रिपोर्टमध्ये कच्चा, असा शेरा माझ्या मागे फिरला. माझ्यानंतर दीक्षा झालेले पुढे गेले, काही फार चांगले आहेत, काही नाहीत. आमच्या हिचे गुडघे त्या पायपिटीने गेले असं डॉक्टर म्हणत नाहीत, मुलगा म्हणतो. रात्री ती पायाला तेल चोळत बसते तेव्हा मी दुसऱ्या खोलीत जातो. तरीसुद्धा ती सही मी आजही करणार नाही. हे तुला पटवतोय की स्वतःला, ते तू ठरव. पण जेवढं घडलं तेवढंच सांग.

तुझ्या मसुद्यातली आणखी दोन वाक्यं. एक, "अंधारात चाचपडणाऱ्या या गावात." कुठला अंधार? तुझ्या अकरावीच्या फीला हातभार शेजारच्या बौद्ध घराने लावला होता. त्या घरातले आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षाभूमीवर होते, अजून तो दिवस सांगताना ताठ बसतात. तुमचा लाउडस्पीकर त्यांच्या ओट्यापर्यंत ऐकू जातो, हे तुला मी सांगायचं? खाली पाडल्याशिवाय आपला प्रभू उंच दिसत नसेल तर दोष आपल्या नजरेचा.

दुसरं, "यंदा सात जणांनी प्रभूला स्वीकारलं." कुणी? जी दोन घरं मागे येऊन बसतात आणि प्रभुभोजनाच्या आधी उठून जातात, ती? त्यांनी अजून काही ठरवलेलं नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्याच्या सवलती जातात. त्या घरात कॉलेजला जाणारी पोरगी आहे, तिची शिष्यवृत्ती आहे, हे ते रोज मनात तोलत असतील. तू माइकवरून त्यांचा आकडा केलास आणि कुणी मोबाइलवर व्हिडिओ काढला तर निस्तरायचं कुणी? तू तर बदली होऊन जाशील. जे घडलं नाही ते मोजू नकोस.

आता पाचारण. बायबलातल्या शमुवेलाला देवाची हाक आली तेव्हा पोरगं तीनदा उठून याजक एलीकडे पळालं. ज्याला हाक आली त्याला ती कुणाची ते कळलंच नव्हतं. डोळे अधू झालेल्या म्हाताऱ्या एलीला कळलं. तुझं नाव पुढे कुणी केलं, आठव. तू नाही केलंस. तुमच्याकडे पास्टर नव्हता तेव्हा नाताळच्या उपासनेत बायांनी तुला वचन वाचायला उभं केलं. सोयाबीन सोंगून आलेली माणसं अंगावरच्या धुळीसकट तुझ्या दारात यायची, "पोराले ताप हाय, चाल जरा," म्हणून. तेव्हा तुझ्याकडे कॉलर नव्हती, पदवी नव्हती, आणि तू दरवेळी गेलास. मंडळीने आधी ओळखलं, तुला मागाहून कळलं. मला याहून जास्त पुरावा कधी मिळाला नाही. शंका येतात म्हणतोस? येऊ देत. नवख्या डिकनला येतात, त्याच्या वरच्या प्रेसबिटरला येतात, बिशपना विचारायची माझी हिंमत झाली नाही.

सेक्रेटरीशी तूच बोल, मी फोन करणार नाही. साक्ष पाच मिनिटांची आहे म्हण. वेळ उरला तर उपासना संगीत या आपल्या गीतांच्या पुस्तकातलं एखादं गीत जास्त घ्या, लोकांना तेच आवडतं. कमिटीत वाद होईल, होऊ दे. सहा मंडळ्या एक होऊन २९ नोव्हेंबर १९७० ला इथेच, नागपुरात, सी.एन.आय., म्हणजे आपली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झाली, आणि तुमच्या कमिटीतल्या दोन म्हाताऱ्यांना ते अजून पटलेलं नाही. त्यांच्याकडून तुझी साक्ष पटवून घेत बसू नकोस. पाळकगृहाच्या गळक्या छताचं मात्र दीक्षेआधीच लेखी घे. एकदा हार गळ्यात पडला की छताकडे कुणी बघत नाही.

मसुदा नव्याने लिहिलास की मला पाठवू नकोस. आजीला वाचून दाखव, मोठ्याने, हल्ली तिला कमी ऐकू येतं. ती जिथे "असं नोहतं झालं रे" म्हणेल तिथे तिच्यासमोरच खोड. आणि घरी जाताना ते पुन्हा घालू नकोस, मी तुला ओळखतो.

तुझा,
काका