‘लेक टच’ आहे, पण कोणत्या महिन्यात?

सुट्ट्या जवळ आल्या की तळ्याकाठचा बंगला हा विषय पत्रांत येतोच. सारखे प्रश्न एकत्र केलेत, त्यातले चार घेतेय.

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही तिघं भावंडं, पोरंबाळं, आईबाबा आणि एक आत्या असे चौदा जण मेच्या दुसऱ्या आठवड्यात भंडारदऱ्याला अख्खा बंगला घ्यायचा म्हणतोय. फोटोत ओट्यावरून चार पायऱ्या उतरल्या की थेट पाणी दिसतंय. भाडं जरा जास्तच आहे पण ‘लेक टच’ म्हणून नवरा तयार झालाय, आणि मालक म्हणतो आजच्या आज ॲडव्हान्स टाका नाहीतर दुसरी पार्टी उभी आहे. टाकू का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नका टाकू, निदान आज तरी. आधी मालकाला एवढंच विचारा की दादा, फोटो कुठल्या महिन्यातला? मी पैज लावते सप्टेंबर-ऑक्टोबरचाच निघेल.

आपल्याकडे ज्याला आपण लेक म्हणतो ते बहुतेक सगळं धरणाचं पाणी असतं. भंडारदऱ्याचं धरण प्रवरेवरचं, विल्सन डॅम, 1926 साली बांधून झालं, आणि त्याच्या मागे साठलेलं पाणी म्हणजे आर्थर लेक. हे पाणी तुमच्या-माझ्या व्ह्यूसाठी नाही, खालच्या शेतीसाठी आहे. पावसाळ्यात भरतं, मग रब्बीचं आवर्तन, म्हणजे पिकांसाठी ठरावीक दिवस सोडलेलं पाणी, सुटतं, मग उन्हाळी आवर्तन सुटतं आणि प्रत्येक आवर्तनाला काठ आणखी मागे सरकतो, म्हणजे मे उजाडेपर्यंत ओट्यापासून पाण्यापर्यंत चांगलीच पायपीट झालेली असते आणि तीही उन्हात. काठाला पाणी उतरल्याच्या रेघा एकाखाली एक पडलेल्या असतात, त्याखाली भेगाळलेला गाळ. वरून सुकलेला दिसतो म्हणून पोरं धावत जातात आणि घोट्यापर्यंत आत, पाय बाहेर येतो पण चप्पल आतच राहते. आत्याला तिथवर न्यायचा विचारही नको. पवना, पानशेत, तापोळा, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच. मुळशीचं पाणी तर टाटांच्या वीजनिर्मितीसाठी घाटाखाली भिऱ्याला जातं, त्यामुळे तिथेही काठ एका जागी राहत नाही.

खात्री कशी करायची? कॉम्प्युटरवर गूगल अर्थ उघडा, त्यात जुन्या तारखांचे सॅटेलाइट फोटो बघता येतात, बंगला शोधून एप्रिल-मेमधला एखादा फोटो मिळतो का पाहा, पाणी कुठे होतं ते डोळ्यांनी दिसेल. रिव्ह्यू वाचताना स्टार सोडा, तारखा बघा, मेमध्ये जाऊन आलेला माणूस काय म्हणतो ते महत्त्वाचं. आणि व्हिडिओ कॉल करायला लावा, ‘ओट्यावर उभं राहून आत्ताचं पाणी दाखवा’ म्हणून. खरा मालक किंवा केअरटेकर दोन मिनिटांत दाखवतो. टाळाटाळ झाली, ‘नेटवर्क नाही’ तीनदा ऐकू आलं की समजा फोटो दुसऱ्याच कुणाच्या बंगल्याचे आहेत. असे फसलेले लोक दर सीझनला लिहितात मला. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा, उद्या बघू म्हणायचं नाही.

आता एवढं सगळं करूनही मेच ठरत असेल तर जा की, भंडारदरा वाईट नाहीच मेमध्ये! फक्त बंगला पाण्यासाठी घेऊ नका, सावलीसाठी घ्या. मोठी झाडं, रुंद ओटा, इन्व्हर्टर आहे का आणि त्यावर पंखे चालतात की नुसते बल्ब, टाकीला मेमध्ये पाणी कुठून येतं, टँकर असेल तर त्याचे पैसे कोणाचे, आणि आईबाबा-आत्यासाठी तळमजल्यावर कमोड असलेली एक खोली. चौदा जणांना बेड किती आणि गाद्या किती हेही विचारा, ‘चौदा आरामात मावतात’ याचा अर्थ कधीकधी सहा जण हॉलमध्ये असा असतो. भाडं पर हेड असेल तर पाच वर्षांखालच्या पोरांचं काय ते मेसेजमध्ये लिहून घ्या. जवळात जवळ डॉक्टर कुठे तेही विचारून ठेवा, मोठं काही झालं तर नाशिकच गाठावं लागतं. आणि पाणी मागे गेलंय हे दिसलं की भाव कराच, लेक टचचे पैसे पाणी टच असतानाच द्यायचे.

संध्याकाळी रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ बघून या, तळ्याच्या पार त्या टोकाला आहे, दगडातलं कोरीवकाम बघत तास कसा जातो कळत नाही. सुट्ट्या महिनाअखेरीस ढकलता आल्या तर पावसाआधीचे काजवे मिळतील, पण त्या दिवसांत शनिवार-रविवारी त्या रस्त्यावर गाड्यांची जी रांग लागते ती बघून काजवेच पळून जात असतील, त्यामुळे मधले वार धरा. आणि पाण्याचंच वेड असेल तर सरळ दिवाळीची सुट्टी. पाणी काठोकाठच्या आसपास, हवेत गारवा, डोंगर अजून हिरवे.

प्रश्न : पवनेकाठी कॉटेज बुक केलंय. मुलगा अकरा वर्षांचा, सोसायटीच्या टँकमध्ये चांगला पोहतो. केअरटेकर म्हणतो काठाला पाणी उथळ आहे, सगळी पोरं उतरतात. उतरू द्यावं का?
– एक बाबा, पिंपळे सौदागर

उत्तर : नाही. पोहता येणं आणि बॅकवॉटरमध्ये, म्हणजे धरणामागे साठलेल्या पाण्यात, उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टँकचा तळ सपाट असतो, इथे खाली बुडालेली शेतं आहेत, बांध आहेत, नदीचं मूळ पात्र आहे. दोन पावलं गुडघाभर पाणी आणि तिसऱ्याला डोक्यावरून, शिवाय पाय गाळात रुतला की पोहणाऱ्याचाही उपयोग नाही. पवनेत बुडून गेलेल्यांच्या बातम्या वाचल्यात ना तुम्ही, त्यातले कितीतरी पोहता येणारेच असतात. सगळी पोरं उतरतात हे केअरटेकरचं वाक्य म्हणजे परवानगी नव्हे, पाण्यात उतरू नका असा बोर्ड तिथेच कुठेतरी लावलेला सापडेल. आणि पावसाळ्यात जिल्हा प्रशासनाचे बंदी आदेश निघतात, ते जाण्याआधी बघायचे. बोटीत बसवायचं तर प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट, बक्कल लावलेलं, नुसतं खांद्यावर टाकलेलं नाही, आणि जॅकेटं कमी पडत असतील तर बोट सोडून द्यायची, मुलगा कितीही रुसला तरी.

त्याऐवजी तुंग किंवा तिकोना चढवा त्याला, तिथून अख्खं पवना खाली दिसतं. उन्हाळ्यात जात असाल तर पाणी उतरल्यावर उघडं पडणारं वाघेश्वराचं जुनं देऊळ बघायला मिळेल, एरवी ते पाण्याखाली असतं.

प्रश्न : बंगल्यावर जेवण सांगावं की किराणा घेऊन जाऊन आपणच करावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : सांगा! सुट्टीत पण तुम्हीच स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभ्या राहणार असाल तर घरीच बसा ना. गावातल्या ताई चुलीवर भाकरी-रस्सा करून देतात त्याला तोड नाही. फक्त व्हेज किती नॉनव्हेज किती हे आदल्या दिवशी कळवा कारण बाजार लांब असतो, पोरांसाठी तिखट कमी हे दोनदा सांगा, आणि निघताना बक्षिसी त्यांच्या हातात द्या, मालकाच्या बिलात नको.

प्रश्न : आम्ही मिसिसागाला असतो. जूनच्या सुरुवातीला सासू-सासरे पुण्याहून येतायत, त्यांना मुस्कोकात तळ्याकाठी कॉटेजवर न्यायचंय. इथले मित्र म्हणतात जूनमध्ये नको. का नको ते कोणी नीट सांगत नाही.
– एक सून, कॅनडा

उत्तर : माश्या! ब्लॅक फ्लाय म्हणतात तिथे, बारक्या काळ्या, चावतात आणि रक्त काढतात, साधारण मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापलीकडेपर्यंत त्यांचं राज्य, आणि त्या ओसरतात तोवर डास जोरात आलेले असतात. शिवाय जूनच्या सुरुवातीला तळं इतकं गार असतं की सासरे डॉकवर पाय सोडून बसतील आणि लगेच वर घेतील. जुलै-ऑगस्ट सगळ्यात छान पण तेव्हा बरीच कॉटेजं पूर्ण आठवड्यासाठीच देतात आणि कधीच बुक झालेली असतात. मग ऑगस्टचा शेवट किंवा सप्टेंबरचे पहिले दिवस बघा, माश्या नाहीत, पाणी अजून बऱ्यापैकी ऊबदार. सासूबाईंचं परतीचं तिकीट कधीचं आहे त्यावर सगळं.

बुक करताना चादरी-टॉवेल ते देतात की आपण न्यायचे ते विचारा, खूप ठिकाणी आपले आपण न्यायचे असतात. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे का तेही विचारा, काही कॉटेजांत ते थेट तळ्यातून येतं. सांडपाण्याला सेप्टिक टँक असतो, म्हणजे तळणीचं तेल सिंकमध्ये ओतायचं नाही, टॉयलेट पेपर सोडून काही फ्लश करायचं नाही, हे सासूबाईंना पहिल्याच दिवशी गोडीत सांगून टाका. फोडणीच्या आधी खिडकी उघडा, नाहीतर स्मोक अलार्म कोकलत सुटेल आणि मामंजी स्टुलावर चढून त्याची बॅटरी काढायला जातील, ती काढू देऊ नका, पंखा लावा. शेकोटीची लाकडं मात्र घरून नेऊ नका, लाकडांतून कीड पसरते म्हणून तिथलीच विकत घ्यायची पद्धत आहे.