केली क्लार्कसनचा दुसरा अल्बम 'ब्रेकअवे' एवढा का गाजला?

तुम्ही विचारलंय की टीव्हीवरची स्पर्धा जिंकलेले गायक दुसऱ्या अल्बमपर्यंत विसरले जातात, मग अमेरिकन पॉप गायिका केली क्लार्कसनचा दुसरा अल्बम पहिल्याहून जास्त कसा चालला, आणि तेव्हा आपल्याकडे तो कोणी ऐकला तरी का.

माझं सरळ उत्तर: इतरांनी नको म्हटलेली गाणी तिच्याकडे आली, आणि ती गाणी जशी आली तशी तिने गायली नाहीत. अल्बमची सगळी गोष्ट यातच आहे. मी नाशिकचा. 2004 मध्ये तो अल्बम आला तेव्हा कॉलेजच्या बँडमध्ये गिटार वाजवायचो, आता इंदिरानगरात छोटा स्टुडिओ चालवतो. त्यामुळे आकड्यांपेक्षा गाण्यांवर जास्त बोललो तर सांभाळून घ्या.

केली टेक्सासची. सप्टेंबर 2002 मध्ये 'अमेरिकन आयडॉल' या टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेचा पहिलाच सीझन तिने जिंकला, तेव्हा ती वीस वर्षांची होती. विजेत्यासाठी गाणं आधीच तयार होतं. ते बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या, यादीत 52व्या नंबरावरून थेट पहिल्यावर गेलं. एप्रिल 2003 मध्ये पहिला अल्बम 'थँकफुल' आला, पहिल्या आठवड्यात सुमारे तीन लाख प्रती खपल्या आणि तोही पहिला आला. कागदावर सगळं छान. पण अल्बम ऐकलात तर कळेल, मुलगी अजून परीक्षकांसमोरच उभी आहे. प्रत्येक गाण्यात हरकती, म्हणजे सुरांची नक्षी, प्रत्येक गाण्याच्या शेवटी आवाजाची ताकद दाखवायची धडपड. वेगळं म्हणावं असं एक 'मिस इंडिपेंडंट', आणि गंमत म्हणजे तेही मूळचं तिचं नाही. क्रिस्टिना अगिलेरा या पॉप गायिकेने ते स्वतःच्या अल्बमसाठी सुरू करून अर्धवट सोडलं होतं.

त्याच वर्षी स्पर्धेतल्या उपविजेत्याबरोबर तिचा एक सिनेमा आला आणि सपाटून आपटला. तोवर 'आयडॉल'ला पुढचे विजेते मिळालेही होते. अशा वेळी कंपनी साधारणपणे एकच करते: पहिल्या अल्बमसारखाच दुसरा, फक्त घाईने.

इथे ते झालं नाही. का झालं नाही, ते एकेका गाण्याच्या जन्मावरून कळतं.

'ब्रेकअवे' हे गाणं गायिका अव्हरिल लव्हिनने दोन सहलेखकांबरोबर स्वतःच्या पहिल्या अल्बमसाठी लिहिलं होतं. त्या अल्बमात ते बसेना, म्हणून बाजूला पडलं. ते केलीकडे आलं आणि 2004 च्या उन्हाळ्यात 'प्रिन्सेस डायरीज'च्या दुसऱ्या सिनेमात वाजलं. अव्हरिल कॅनडातल्या छोट्या गावची, त्यामुळे मूळ ओळीत बर्फ पडत होता. टेक्सासच्या मुलीच्या तोंडी बर्फ कसा शोभेल? तिथे पाऊस आला. बदल एका शब्दाचा, पण त्या एका शब्दाने गाणं परक्याचं राहिलं नाही. (खिडकीशी बसून पावसाकडे बघत इथून निघून जायची स्वप्नं बघणारी मुलगी म्हटल्यावर नाशिकमध्ये अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पुणे-मुंबईला निघालेली निम्मी पोरं त्याच मूडमध्ये असतात.)

'सिन्स यू बीन गॉन'ची कुंडली तर याहून भारी. स्वीडनचा मॅक्स मार्टिन नव्वदच्या दशकातल्या निम्म्या पॉप हिट गाण्यांमागचा माणूस. 2003 च्या सुमारास मात्र त्याचा तो जुना चकचकीत साउंड शिळा वाटू लागला होता. त्याला भेटला ल्यूक गॉटवाल्ड, टीव्हीवरच्या 'सॅटरडे नाइट लाइव्ह'च्या बँडमधला गिटारवाला. दोघं तेव्हाचं इंडी रॉक, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या साच्याबाहेरचं रॉक, ऐकत होते. त्यात 'या या याज' या बँडचं 'मॅप्स' होतं. गाणं चढत चढत जातं आणि जिथे फुटायला हवं तिथे फुटतच नाही. मार्टिनला त्याचीच चिडचिड झाली. मग दोघांनी तसलंच तापत जाणारं गाणं करून त्याला दणदणीत कोरस लावला. ते आधी पिंक या गायिकेकडे गेलं आणि परत आलं. हिलरी डफकडे गेलं, परत आलं. मग केलीच्या रेकॉर्ड कंपनीचे, आरसीएचे, बडे साहेब क्लाइव्ह डेव्हिस यांनी ते केलीसाठी मिळवलं आणि ती रेकॉर्डिंगला स्टॉकहोमला गेली. केलीने पुढे सांगितलंय की तिच्या कानावर पडलेला डेमो, म्हणजे गाण्याचा कच्चा नमुना, फारच गुळगुळीत होता. गिटार आणि ड्रम जड करा, हा आग्रह तिचा.

तिसरं 'बिकॉज ऑफ यू'. हे तिने स्वतः सोळाव्या वर्षी लिहिलं होतं, आईवडिलांच्या घटस्फोटावर. पहिल्या अल्बमच्या वेळी ते नाकारलं गेलं. दुसऱ्या वेळी तिने तेच पुन्हा पुढे केलं. इव्हनेसन्स हा रॉक बँड सोडून आलेले बेन मूडी आणि डेव्हिड हॉजेस मदतीला होते. म्हणजे बँडमधून बाहेर पडलेली माणसं आणि अल्बममधून बाहेर राहिलेलं गाणं, चांगली जोडी जमली. डेव्हिस यांना ते गाणं आवडलं नव्हतं. 2013 मध्ये त्यांनी आत्मचरित्रात लिहिलं की केलीला 'सिन्स यू बीन गॉन' अल्बममध्ये नको होतं आणि ती त्यांच्यासमोर रडली. तिने लगेच जाहीरपणे खोडून काढलं: रडले ते खरं, पण तुम्ही माझ्या 'बिकॉज ऑफ यू'ची किंमत काढलीत म्हणून. मी तिच्या बाजूने आहे, पण डेव्हिस यांचं श्रेयही नाकारता येत नाही. स्वीडनवालं गाणं त्यांनीच आणलं. दोघांच्या या ओढाताणीतच अल्बम घडला. एकट्याच्या मनासारखा झाला असता तर एवढा चांगला झाला नसता.

आता थोडं माझ्या धंद्याचं. 'सिन्स यू बीन गॉन' माझ्याकडे गायला येणाऱ्या मुली अजूनही निवडतात. बऱ्याच जणी शास्त्रीय शिकलेल्या असतात, गळा तयार असतो, तरी गाणं फसतं. बघा का ते. गाणं पांढरी पाचच्या (पाश्चात्त्य भाषेत 'जी'च्या) पट्टीत आहे. अंतऱ्यात गिटारची तार तळहाताने दाबून धरलेली, ठेका सरळसाधा, आणि केली जवळजवळ बोलल्यासारखी गाते, खालच्या सुरात, जराशी वैतागलेली. एकही हरकत किंवा मुरकी नाही. 'थँकफुल'मधली केली इथे दहा जागा घेतल्याशिवाय राहिली नसती. मग कोरस येतो. गिटार मोकळी सुटते, दोन्ही बाजूंनी भिंतीसारखी उभी राहते, आणि आवाज एकदम वर उडी घेतो, तोही खुल्या आवाजात. तार सप्तकात जाताना आपल्या मुली सवयीने आवाज बारीक करतात. तो बारीक झाला की गाणं मेलंच. आणि उलटी गडबड म्हणजे पहिल्या ओळीपासूनच जोर लावणं. मग कोरसला उडी मारायला जागाच उरत नाही. मी त्यांना सांगतो, अंतरा गाऊच नका, भाजी घेताना भाव विचारतो तसा म्हणा. त्याने निम्मं काम होतं. पट्टी दोन सूर खाली घेतली तर? गाता येतं, पण ती धार जाते, कारण आवाज फाटेल की काय ही भीतीच त्या गाण्यात ऐकायची असते.

अल्बम 30 नोव्हेंबर 2004 ला आला. सुरुवात तशी बेताची: तिसरा नंबर, अडीच लाख प्रती, म्हणजे पहिल्या अल्बमपेक्षा कमीच. पंडितांनी मान हलवली असणार. पण तो उतरेचना. वर्षभर एकामागून एक गाणी येत गेली: 'सिन्स यू बीन गॉन' दुसऱ्या नंबरापर्यंत, 'बिहाइंड दीज हेझल आइज' सहाव्या, कंपनीने एकदा नाकारलेलं 'बिकॉज ऑफ यू' सातव्या. 2005 मध्ये अमेरिकेत सर्वाधिक खपलेल्या अल्बमांत तो मारायाह कॅरी आणि फिफ्टी सेंट यांच्यानंतर तिसरा होता. फेब्रुवारी 2006 मध्ये दोन ग्रॅमी मिळाले. स्टेजवरच्या भाषणात तिने 'आयडॉल'चं नाव घेतलं नाही, त्यावरूनही तिथे बरीच बोलाबोली झाली. कृतघ्न वगैरे. मला तर तेच अल्बमचं सार वाटतं.

पण सगळ्यात मजेदार स्वागत रॉकवाल्यांनी केलं. टेड लिओ नावाचा इंडी-पंक गायक, चांगला कडक माणूस. त्याने एकट्या गिटारवर 'सिन्स यू बीन गॉन' गायलं आणि मध्येच 'मॅप्स'ची ओळ जोडून दिली. म्हणजे उगम कुठला ते मला माहीत आहे, तरी गाणं आवडलंय, हे एका दमात सांगून टाकलं.

हेच नाशिकमध्ये आमच्याकडे लहान प्रमाणात घडत होतं. 2005 च्या सुरुवातीला व्हीएच1 हे इंग्रजी गाण्यांचं चॅनल भारतात आलं. ज्यांच्या केबलवाल्याने ते दिलं, त्यांच्या घरी गर्दी. बाकीच्यांचा आधार एमपी3 सीडी, एकात दीडशे गाणी, वर मार्करने 'इंग्लिश मिक्स' खरडलेलं. त्यात मेटालिकानंतर केली आणि केलीनंतर ब्रायन ॲडम्स, क्रमाला काही अर्थ नाही. कॉलेज रोडवर काळे टी-शर्ट घालून फिरणारी आमची पोरं 'आयडॉल'वालीचं नाव काढलं की नाक मुरडायची. पण प्रॅक्टिसला ॲम्प चालू केला की कोणीतरी हळूच 'सिन्स यू बीन गॉन'ची सुरुवात वाजवायचा, ड्रमर लगेच उचलायचा, आणि सगळे चेष्टाच करतोय असं दाखवत पूर्ण गाणं वाजवायचे. गॅदरिंगला मुलींनी 'बिकॉज ऑफ यू' घ्यायला सुरुवात केली तेव्हा प्रश्नच मिटला. समोर बसलेल्यांना इंग्रजी कितपत कळत होतं, देव जाणे. पण बापाविषयीचं गाणं आहे एवढं कोणीतरी कानात सांगितलं की सभागृह गप्प व्हायचं.

त्याच महिन्यांत आपल्याकडेही 'इंडियन आयडॉल'चा पहिला सीझन रंगला होता. मार्च 2005 मध्ये अभिजीत सावंत जिंकला. मराठी मुलगा म्हणून गल्लोगल्ली कौतुक, आणि 'मोहब्बतें लुटाऊंगा' रिक्षापासून लग्नाच्या बँडपर्यंत सगळीकडे. दोन वर्षांनी त्याचा दुसरा अल्बम 'जुनून' आला, तो किती जणांना आठवतो? तुमच्या प्रश्नामागे बहुतेक हेच आहे. माझ्या मते यात अभिजीतच्या गळ्याचा दोष फारसा नाही. केलीमागे वर्षभर गाण्यामागून गाणं वाजवणारी रेडिओची यंत्रणा होती. आपल्याकडे सिनेमाबाहेरच्या गाण्याला 2007 पर्यंत घरच उरलं नव्हतं. कॅसेटचा जमाना संपलेला, सीडी पायरेटेड, आणि कंपन्यांचं सगळं लक्ष कॉलर ट्यूनवर. शिवाय गाणी निवडताना, बदलताना नव्या गायकाचं कोण ऐकतो? केलीलाही ते भांडून मिळवावं लागलं. तिसऱ्या अल्बमच्या वेळी, 2007 मध्ये, तेच भांडण पुन्हा झालं आणि खप बराच खाली आला, हेही सांगायला हवं. हट्ट धरला की दर वेळी फळ मिळतंच असं नाही.

ऐकायचा असेल तर बाराही गाणी ऐकण्याचा आग्रह नाही. 'आय हेट मायसेल्फ फॉर लूझिंग यू' मी दर वेळी पुढे ढकलतो. 'ॲडिक्टेड'वर इव्हनेसन्सची सावली जरा जास्तच आहे. 'वॉक अवे' मात्र चुकवू नका, त्यातली केली खट्याळ आहे, आणि तो मूड बाकीच्या अल्बमात कमीच सापडतो. शेवटी 'ब्यूटिफुल डिझास्टर' आहे. हे गाणं 'थँकफुल'मध्येही आहे, तिथे भरपूर वाद्यमेळासकट. इथे तेच लाइव्ह, पियानोच्या साथीने. आधी 'थँकफुल'मधलं लावा, लगेच हे लावा. दोन अल्बमांमधल्या दीड वर्षात तिने काय काय टाकून दिलं, ते माझ्या एवढ्या लांबलचक उत्तरापेक्षा लवकर कळेल.