सिनॅप्सची रचना आणि तिचं काम यांचा संबंध कसा समजून घ्यायचा?

तुमचा प्रश्न असा आहे की पुस्तकात सिनॅप्सची, म्हणजे चेतापेशी पुढच्या पेशीला निरोप देते त्या जोडाची, एकच आकृती असते. एक फुगीर टोक, मध्ये फट, समोर दुसरी पेशी आणि खाली काम लिहिलेलं. पण अमुक रचनेमुळे तमुक काम होतं, हे कुठेच उलगडत नाही. मी लातूरला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. हे उत्तर मी नेहमी फटीपासून सुरू करतो, कारण ती बिघडली की काय होतं ते मी घरात पाहिलंय.

माझा चुलतभाऊ दिवसभर पाठीवर पंप घेऊन कापूस फवारून आला होता. तोंडाला रुमाल नाही, अंगात बाह्या नाहीत. संध्याकाळी ओसरीवर बसला तो घामानं निथळत. तोंडातून लाळेची तार, डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. मी दंड धरला तर कातडीखाली स्नायू वळवळत होता, पोत्यात काहीतरी हलावं तसा. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी ॲट्रोपिनची इंजेक्शनं एकामागून एक दिली. लाळ आटली, छातीतली घरघर बसली. दंडाची वळवळ मात्र चालूच होती. तो वाचला, पण ती वळवळ माझ्या डोक्यात राहिली.

चेतापेशी जिथे स्नायूला भेटते तिथली फट साधारण 50 नॅनोमीटरची. आकृतीत ती रिकामी दाखवतात, प्रत्यक्षात तिच्यात ॲसिटिलकोलीन हे निरोप नेणारं रसायन तोडणारं विकर बसलेलं असतं. निरोप पोचला की ते तो लगेच पुसून टाकतं, म्हणून स्नायू आकसून पुन्हा सैल होतो. ऑर्गनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं नेमकी या विकराला जखडतात. मग निरोप पुसलाच जात नाही. ॲट्रोपिन लाळग्रंथीवरचे, श्वासनलिकांवरचे ग्राही, म्हणजे ते रसायन पकडणारे रेणू, झाकतं. स्नायूवरचे ग्राही वेगळ्या घडणीचे, त्यांत ते बसतच नाही. ॲसिटिलकोलीन दोन्हीकडे तेच, पण ग्राहीचा आकार बदलला की औषधही बदलतं. रचना आणि काम यांचा संबंध मला तिथे पहिल्यांदा खरोखर कळला.

आता मेंदूत या. इथली फट आणखी अरुंद, सुमारे 20 नॅनोमीटर. रसायन पलीकडे जातं ते आपोआप पसरत, आणि पसरण्याचा हिशोब असा की अंतर दुप्पट झालं तर वेळ चौपट लागतो. म्हणून फट इतकी चिंचोळी. शिवाय रसायनाच्या पिशव्या टोकात कुठेही फुटत नाहीत. सुमारे 40 नॅनोमीटरच्या या पिशव्या पडद्याच्या एका ठरावीक जागी, कॅल्शियमच्या वाटांना खेटून तयार असतात आणि समोर ग्राहींचा दाट थर असतो. कॅल्शियम आत शिरल्यापासून पिशवी फुटेपर्यंत एक मिलिसेकंदही लागत नाही, तो याच खेटून बसण्यामुळे.

स्नायूवरच्या सिनॅप्सला हुकूम पाळून घ्यायचा असतो, म्हणून ती मोठी, समोरचा पडदा घड्याघड्यांचा, एका झटक्यात डझनावारी पिशव्या फुटणार. मेंदूतल्या बहुतेक सिनॅप्स लहान असतात. एका निरोपाला एखादी पिशवी फुटते, कधी एकही नाही. हा दोष समजू नका. समोरच्या पेशीवर अशा हजारो सिनॅप्स असतात आणि ती सगळ्यांची बेरीज करूनच ठरवते.

त्या बेरजेत वजाबाकीही असते. 1959 मध्ये ई. जी. ग्रे यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दोन प्रकारच्या सिनॅप्स ओळखल्या. एकीत समोरच्या बाजूचा काळा थर जाड दिसतो, दुसरीत दोन्ही बाजू जवळपास सारख्या. पहिल्या मुख्यतः चेतवणाऱ्या आणि दुसऱ्या रोखणाऱ्या, हे पुढे स्पष्ट झालं. मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती जागा. चेतवणाऱ्या बहुतेक वृक्षिकांच्या, म्हणजे पेशीच्या निरोप घेणाऱ्या फांद्यांच्या, काट्यांवर असतात, तर रोखणाऱ्या पुष्कळशा पेशीच्या अंगावर आणि निरोप पुढे नेणारा अक्षतंतू सुरू होतो त्या तोंडाशी.

रात्रीच्या लाइटीला ज्यानं दारं धरली असतील त्याला हे सांगावं लागत नाही. वाफ्याचं दार बंद केलं तर तो एक वाफा कोरडा राहतो. पाटाच्या तोंडाशी बांध घातला तर सगळं रान थांबतं. वृक्षिकेच्या टोकाला बसलेली रोखणारी सिनॅप्स एका फांदीपुरतं बोलते, अक्षतंतूच्या तोंडाशी बसलेली अख्ख्या पेशीला गप्प करू शकते. रसायन दोन्हीकडे एकच असू शकतं. धनुर्वातात काय होतं आठवा. त्या जंतूचं विष मज्जारज्जूत शिरून रोखणाऱ्या टोकांतल्या पिशव्या फुटू देत नाही. अंग कमानीसारखं वळतं ते नुसत्या चेतवणीचं राज्य उरल्यामुळे.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, रचना जन्मभर तीच राहते का. नाही. वृक्षिकांवरचे काटे स्पॅनिश शास्त्रज्ञ काहाल यांनी 1888 मध्येच दाखवले होते. काट्याचं डोकं जितकं मोठं तितके त्यावर ग्राही जास्त आणि सिनॅप्स तितकी जोरकस. 2004 मध्ये जपानमध्ये हारुओ कासाई यांच्या गटानं एकेका काट्यावर ग्लुटामेट हे चेतवणारं रसायन सोडून पाहिलं. डोकं काही मिनिटांत फुगलं. लहान काट्यांत ही वाढ तासाभरानंतरही टिकून होती, मोठ्यांत मात्र ती ओसरली. म्हणजे कामानं रचना घडते आणि घडलेली रचना पुढचं काम ठरवते.

उद्या आकृती काढाल तेव्हा फट कोरी सोडू नका. शेजारी पूर्ण चेतापेशी काढा, चेतवणाऱ्या आणि रोखणाऱ्या सिनॅप्स दोन रंगांनी त्यांच्या त्यांच्या जागी बसवा, आणि प्रत्येकीपुढे ही इथेच का, एवढं एका ओळीत लिहा. अडलं तर खाली विचारा, मी रात्री नऊनंतर असतो.