थेंब कुठे थांबतो, कुठे पळतो

फवारणी वाळली की द्राक्षाच्या मण्यांवर पांढरी गोल कडी उठतात. औषध तर नीट ढवळलेलं असतं. मग डाग कडेलाच का? (निफाडचे एक बागायतदार)

थेंबाची कड मण्याला धरून बसते, सहसा आत सरकत नाही. बाष्पीभवन मात्र तिथेच सगळ्यात जोरात होतं. उडालेलं पाणी भरून काढायला मधलं पाणी कडेकडे वाहतं आणि औषधाचे कण सोबत ओढून नेतं. टेबलावर सांडलेल्या कॉफीचं कडंही असंच उमटतं. रॉबर्ट डीगन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये हा उलगडा केला.

स्प्रेडरने, म्हणजे औषध पसरावं म्हणून फवारणीत मिसळायच्या द्रव्याने, पृष्ठताण (द्रवाचा पृष्ठभाग आवळून धरणारा ताण) उतरतो, थेंब पसरतो. पण स्प्रेडर जास्त झाला की औषध निथळून जमिनीवर जातं, शिवाय मण्यावरची मेणचट पावडर उतरायची भीती. भाव त्या पावडरीला आहे, तेव्हा लेबलवरची मात्रा ओलांडू नका. आणि पहाटेचं दव पानावर असताना फवारू नका. औषध पातळ होऊन घरंगळतं. तेच दव रेंगाळलं तर डावणीचं, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाचं, फावतं, ते तुम्हाला मी काय सांगायचं!

तव्यावर पाणी शिंपडलं तर कधी लगेच चर्र होऊन उडतं, कधी थेंब नाचत बसतो. असं का? (पंचवटी)

तवा २०० अंशांच्या आसपास किंवा वर गेला की थेंबाखाली वाफेचा थर तयार होतो. थेंब तव्याला टेकतच नाही, म्हणून पळतो आणि टिकतोही जास्त. लायडनफ्रॉस्ट यांनी १७५६ मध्ये हे नोंदवलं. घावन घालणार असाल तर गॅस कमी करा.

फ्रिजमधल्या बाटलीवरचे थेंब बराच वेळ जागचे हलत नाहीत, मग एकदम ओघळतात. (सिडको)

हवेतली वाफ गार काचेवर जमते, थेंब वाढतात, शेजारच्यात मिसळतात. वजन काचेच्या पकडीला भारी पडलं की घसरगुंडी. वाटेतले थेंब गिळत तो खाली जातो. मोकळ्या पट्ट्यात नवे बारीक थेंब धरू लागतात. श्रावणात हे झटपट दिसेल, एप्रिलच्या कोरड्या दुपारी सावकाश.

वाईनरीत सांगितलं, ग्लासवर ओघळ जास्त म्हणजे वाईन उंची. खरं का? (गंगापूर रोड)

नाही. काचेवरच्या पातळ थरातून अल्कोहोल पाण्याआधी उडतं. उरलेल्या द्रवाचा पृष्ठताण वाढतो, तो खालची वाईन वर खेचतो. वर साचलेली मग ओघळते. जेम्स थॉमसन यांनी १८५५ मध्येच हे कारण सांगितलं होतं. ओघळांवरून फार तर अल्कोहोलचा अंदाज येईल, चवीचा नाही. ग्लासवर बशी झाका, थोड्या वेळात नवे ओघळ बंद होतील.